डेमोताई

"पण ताई, तुमच्या हातावर केसच नाहीत. मग जाणार काय?"

कॉलेजातली ती मुलगी अगदी साधेपणाने विचारत होती. तिच्याबरोबरच्या दोघी मात्र फिस्सकन हसल्या. डेमोताईही हसली. तिने डावा हात ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट फिरवला. मनगटापासून कोपरापर्यंत एक लव म्हणून दिसत नव्हती. दिसत होते ते नुसते काळपट चौकोन, एकाला एक चिकटून, गोधडीच्या तुकड्यांसारखे.

"अगं, हाच तर पुरावा," ती म्हणाली. "क्रीम चांगलं आहे म्हणूनच नाहीत ना केस!"

"हो, पण जाताना दिसायला पाहिजे ना," मुलगी म्हणाली आणि तिघी रेझरच्या कप्प्याकडे वळल्या.

डेमोताईने पाण्याची वाटी, ओलं फडकं आणि क्रीम पसरायची प्लास्टिकची पट्टी पुन्हा ओळीने मांडून ठेवली. पलीकडच्या काउंटरवरची लिपस्टिकवाली आरशात बघत म्हणाली, "मावशी, उजवा हात?"

"तो तर याच्या आधीच संपला."

"आणि पाय?"

"पायही गेले. आता डोकंच उरलंय. ते दाखवू का?"

लिपस्टिकवाली खदखदून हसली. डेमोताईने मात्र हात हळूच गुलाबी कोटाच्या बाहीत ओढून घेतला. संध्याकाळ झाली की त्या चौकोनांना खाज सुटायची. खाजवलं की पापुद्रे निघायचे. घरी गेल्यावर ती ओला पंचा गुंडाळून बसे, मग जरा बरं वाटे.

तिचं खरं नाव दुकानात बहुधा कुणालाच माहीत नव्हतं. प्रसाधनांचं मोठं दुकान होतं ते. खाली साबण-शाम्पू आणि वर हा सगळा नट्टापट्टा. जिन्याशेजारचा छोटा काउंटर केस काढायच्या क्रीमच्या कंपनीने भाड्याने घेतलेला होता. तिथे उभं राहायचं, येणाऱ्या बाईला थांबवायचं आणि आपल्या अंगावर क्रीम लावून दाखवायचं, हे तिचं काम. क्रीमला वरून गुलाबाचा वास होता आणि आतून कुजक्या अंड्याचा. पहिल्या वर्षी तिला त्या वासाने जेवण जायचं नाही. पुढे तो तिला येईनासाच झाला. बाकीच्यांना तिच्या अंगाला येत असावा, कारण बसमध्ये शेजारी बसलेली बाई थोड्या वेळाने खिडकीकडे तोंड करून बसे.

ती काम मात्र मन लावून करायची. कुणी म्हणालं, रेझरने पटकन होतं, तर ती म्हणे, "होतं की. पण घाईत चिरलं तर? आणि दोन दिवसांत खुंट टोचायला लागतात." कुणी वॅक्सिंगचं कौतुक केलं तर म्हणे, "चांगलंच असतं, पण गरम फार झालं तर कातडीच निघून येते हो. माझ्या नणंदेचं झालं होतं." आणि आपल्या क्रीमबद्दलही ती काही लपवायची नाही. आधी एवढ्याशा जागेवर लावून बघा, एक दिवस थांबा. जखमेवर नको, पुरळावर नको. पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं, फोनवर बोलत बसू नका. चुरचुरलं की लगेच धुवा. मॅनेजर एकदा म्हणालाही होता, "ताई, तुम्ही विकताय की घाबरवताय?"

त्या महिन्यात कंपनीचे साहेब आले तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. बोलताना चष्मा पुसायची सवय होती.

"ताई, तुमचं बोलणं एकदम फर्स्टक्लास. त्यात काही वादच नाही. पण गिऱ्हाईक कानाने घेत नाही हो, डोळ्याने घेतं."

"येतील साहेब. हाताला जरा विश्रांती दिली की परत येतील केस."

"येतील ना. कोण नाही म्हणतंय? पण तोवर…" त्यांनी चष्मा पुसला. "दुसऱ्या दुकानात आम्ही एक मुलगी ठेवली आहे. तिच्या हातावर कसे भरपूर…" पुढचं बोलताना तेच ओशाळले. "असो. बघा काहीतरी."

ते "बघा काहीतरी" तिच्याबरोबर बसमध्ये चढलं, तिच्याबरोबर उतरलं आणि घरापर्यंत आलं.

घरी नवरा खिडकीशी बसलेला होता. त्याला गल्लीतले सगळे ड्रायव्हर म्हणत. गाडी सुटून तीन वर्षं झाली होती तरी हाक सुटली नव्हती. एका कारखान्याची कामगारांची बस तो चालवायचा. जन्मभर चालवली. मग एका सकाळी कारखान्याच्या दारातच बस थांबली नाही, जाऊन खांबाला टेकली. कुणाला काही झालं नाही, नुसता दिवा फुटला. पण त्याचं म्हणणं होतं की पाय ब्रेकवरच होता. होताही. फक्त तो ब्रेकवर आहे की ब्रेकच्या बाजूला, हे पायाला कळलं नव्हतं. शुगर बरीच वर्षं होती, ती अशी तळव्यांत उतरून बसली होती. तो ही गोष्टसुद्धा हसत सांगायचा. "डॉक्टर टाचणी टोचतात आणि मलाच विचारतात, कुठे टोचलं? मी म्हटलं, साहेब, तुम्हीच सांगा, तुम्हाला दिसतंय ना!"

त्या दिवशी तिने भात टाकता टाकता साहेबांचं बोलणं त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग एकदम शर्टाची बाही वर सारली.

"हे काय आहे?"

"काय आहे?"

"जंगल आहे. अख्खं जंगल पडलंय तुझ्या घरात आणि तू बाहेर झुडपं शोधत फिरतेस."

हे मात्र खरं होतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या मैत्रिणींनी त्याला अस्वल म्हणून नाव पाडलं होतं. हात, पाय, छाती, पाठ, सगळीकडे दाट काळे केस; डोकं पांढरं झालं तरी ते काळेच राहिले होते.

"भलतंच काहीतरी," ती म्हणाली. "बायकांचं दुकान आहे ते."

"मग काय झालं? बायकांना काय मी खाणार आहे?"

"लोक हसतील."

"हसू देत की. हसत हसत घेतील." त्याने बाही खाली ओढली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अगं, दिवसभर इथे बसून मला समोरच्या भिंतीच्या विटा पाठ झाल्यात. तुझ्याबरोबर येतो. एक स्टूल दे म्हणजे झालं."

तिने दोन-तीन दिवस नाही म्हटलं. नंतर हो म्हटलं. त्याच्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, हे तिला पुढे कितीतरी वेळा आठवून बघावं लागलं, आणि ते तिला नीट सांगता आलं नाही.

नियमाप्रमाणे तिने आधी त्याच्या दंडावर नखाएवढं क्रीम लावून बघितलं. एक दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. मग मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने कपाळाला हात लावला, पण म्हणाला, "एक दिवस करून बघा. गडबड झाली तर बंद."

पहिल्या दिवशी ड्रायव्हर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि स्टुलावर असा बसला, जणू बसच्या सीटवर बसला आहे. डेमोताईने त्याच्या हातावर पट्टीने क्रीम पसरलं. तो जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना म्हणू लागला, "या ताई, बघून जा. घ्यायलाच पाहिजे असं नाही. इथे साफ झालं तर कुठेही साफ होईल!" बायका आधी बिचकल्या, मग थांबल्या. वेळ झाली तशी डेमोताईने पट्टी वरून खाली ओढली आणि त्या रानातून एक गुळगुळीत गोरा रस्ता निघाला. एक बाई चक्क "अगं बाई!" म्हणून ओरडली. लिपस्टिकवाली आपला काउंटर सोडून बघायला आली.

"चुरचुरतंय का?" डेमोताईने हळूच विचारलं.

"थोडंसं. मुंगी चालल्यासारखं."

तिने लगेच धुतलं, दोनदा पुसलं, वर तेलाचा हात फिरवला.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. इतके चांगले दिवस त्या घरात बऱ्याच वर्षांत आले नव्हते. सकाळी दोघं बरोबर निघत. तो डबा हातात घेई. बसमध्ये बसला की पुढच्या ड्रायव्हरच्या चुका तिच्या कानात सांगत राही. दुकानात मुली त्याला काका म्हणू लागल्या. साहेब आले तेव्हा त्यांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, "कंपनीने तुमचा फोटो छापायला पाहिजे." रविवारी मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात सासरी असते. बापाने तिला सगळं रंगवून सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "आई, बाबांना शुगर आहे हं. जपून."

"अगं, हातावर तर लावते. आणि डोळ्यात तेल घालून बघते मी," डेमोताई म्हणाली.

दोन्ही हात संपले. हातावरचे केस यायला वेळ लागणार होता. छाती उघडी टाकून बसायला मॅनेजरने साफ नकार दिला. तेव्हा ड्रायव्हरने पँटचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला.

"पाय नको," ती म्हणाली.

"तळवे बधिर आहेत, नडगी नाही. नडगीला काय धाड भरलीय? परवा पलंगाचा कोपरा लागला तेव्हा बोंबललो नाही का?"

तो कोपरा कधी लागला होता, परवा की मागच्या वर्षी, हे तिने विचारलं नाही. तळवे गेलेत हे दोघांनाही माहीत होतं. ते बधिरपण मोजा चढवावा तसं हळूहळू वर येतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. डाव्या पायावर तिने वरच्या बाजूला, गुडघ्याखाली एक पट्टा लावला. वेळेत काढला. छान निघाला. "चुरचुरलं?" तिने विचारलं. "अजिबात नाही," तो म्हणाला. तिला वाटलं, पायाची कातडी जाड असते, म्हणून.

तो शनिवार होता. सुट्ट्या तोंडावर आलेल्या, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उजव्या नडगीवर, घोट्याच्या थोडं वर, तिने क्रीम जाडसर पसरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात एक बाई रिकामी बाटली घेऊन भांडायला आली. बाटली या कंपनीची नव्हतीच, पण बाई ऐकेना. "तुम्हीच दिलीत, गुलाबी कोटवालीनेच दिलीत," असं तिने लावून धरलं. डेमोताई तिला समजावत होती. मग मॅनेजरने जिन्यावरून हाक मारली, "ताई, खालून दोन खोके घेऊन या पटकन." ती खाली गेली. गोदामात खोके दुसऱ्या खोक्यांखाली होते. वर येताना भांडकुदळ बाईने पुन्हा अडवलं.

ती परत आली तेव्हा ड्रायव्हरभोवती चारपाच मुली उभ्या होत्या आणि तो बसची गोष्ट सांगत होता. धुक्यात रस्ता चुकून अख्खी बस एका लग्नाच्या मांडवात कशी नेली, ती. मुली हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. डेमोताईने घड्याळाकडे बघितलं. तिच्या हातातले खोके खाली पडले.

ती खाली बसली आणि ओल्या फडक्याने क्रीम पुसलं. केस आले. त्यांच्याबरोबर कातडीही आली, ओल्या कागदासारखी. खाली लालबुंद, पाणावलेलं मांस होतं.

ड्रायव्हर बोलतच होता. "…आणि नवरीचा बाप मला म्हणतो, एवढं वऱ्हाड आम्ही बोलावलंच नव्हतं!"

मुली हसल्या. डेमोताईने वर बघितलं. तिचा चेहरा बघून तो थांबला. त्याने आपल्या पायाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला, दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे बघावं तसा.

"लागलं नाही तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं," तो तितक्याच हळू म्हणाला. "काहीच नाही."

मग त्याने झटकन पँटचा पाय खाली सोडला, मुलींकडे वळला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "झालं बघा! केस साफ! कुणाला पाहिजे?"

मुलींनी क्रीम घेतलं. त्यांतल्या दोघींनी तर दोन दोन ट्यूब घेतल्या.

त्या दिवशी घरी तिने तांब्याने कितीतरी वेळ पायावर गार पाणी ओतलं. "दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. तो म्हणाला, "अगं भाजलंय एवढंसं. मलम लाव." सोमवारी ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, "डॉक्टर आधी ओरडणार, मग शुगर तपासणार, मग परत ओरडणार. आणि मॅनेजरला कळलं तर तुझं काम जाईल. दुखत नाही ना मला? मग?"

दुखत नव्हतं हे खरंच होतं. दुखत नव्हतं म्हणून तो चालला. वर पट्टी, पट्टीवर मोजा, मोज्यावर पँट अशा थाटात तो आठवडाभर तिच्याबरोबर दुकानात आला, आणि डावा पाय पुढे करून बसला. ती त्याच्या पायाला हात लावेना. "केस कमी आहेत, आज नुसतं बोलून विकू," असं म्हणे. तो नाराज होई. पट्टी बदलताना ती श्वास रोखून धरे. आधी पिवळं पाणी यायचं. मग वास यायला लागला. क्रीमच्या वासाने तिचं नाक मेलं होतं तरी हा वास तिला आला. मग एका सकाळी तिने पट्टी सोडली तर जखमेची कड काळी पडली होती आणि पायाची बोटं सुजून चकाकत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयाने तिच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी चिमट्याने जखम उघडून बघितली. ड्रायव्हर छताच्या पंख्याकडे बघत होता. चिमटा हाडाला टेकला तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज आला. तोही त्याला लागला नाही.

"हे कशाने झालं?"

"मीच लावलं," ड्रायव्हर म्हणाला. "ते केस काढायचं क्रीम. म्हातारपणी हौस आली, दुसरं काय! वेळ विसरलो."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"मी लावलं," डेमोताई म्हणाली. "दुकानात. मी लावलं आणि मीच विसरले."

"तुमच्या पायांना संवेदना नाही हे माहीत होतं ना?"

"तळव्यांना नाही हे माहीत होतं."

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातमोजे काढून बादलीत टाकले. "अशा पायावर क्रीम नको, गरम पाण्याची पिशवी नको, मेण नको, ब्लेड नको," त्या म्हणाल्या. "चटका बसला की आपण पाय ओढून घेतो. ते ओढून घेणंच यांच्या पायात राहिलेलं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मावशी, आठवडाभर आधी यायला हवं होतं."

औषधं झाली, सलाइनं झाली, दोनदा जखम साफ करून झाली. काळं वर सरकतच राहिलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आणि तो उद्याच.

ड्रायव्हर म्हणाला, "कुठला पाय? बरोबर खूण करून ठेवा. नाहीतर तुमचाही ब्रेक बाजूला पडायचा." डॉक्टर हसले. ते गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि दुपारी जेवला नाही.

दुपारनंतर वॉर्डातला एक माणूस ट्रे घेऊन आला. उजव्या पायाचे वरचे केस काढायचे होते. ट्रेमध्ये एक लहानसं बॅटरीवरचं मशीन होतं. डेमोताई त्याच्याकडे बघत राहिली.

"ब्लेड नाही?" तिने विचारलं.

"नाही मावशी. ब्लेडने दिसत नाहीत अशा चिरा पडतात, त्यांत पू धरतो. पूर्वी करायचो आम्ही. आता हेच. मुळापासून नाही काढायचे, नुसते कातरायचे." त्याने मशीन चालू केलं. "तुम्ही बाहेर थांबा जरा."

"मी करू?"

"नातेवाइकांना देत नाही आम्ही."

"देऊन बघा," ड्रायव्हर भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "तिचा हात हलका आहे. कामच आहे ते तिचं."

त्या माणसाने दोघांकडे बघितलं आणि मशीन तिच्या हातात दिलं. तो शेजारी उभा राहिला, तिने कुठे थांबायचं ते बोटाने दाखवत. तिने मांडीपासून सुरुवात केली. काळे केस कातरून चादरीवर पडू लागले. ती ते डाव्या हाताने गोळा करत होती. मांडीवर मशीन फिरत होतं तेव्हा त्याला कळत होतं. गुडघ्याच्या थोडं खाली आली तेव्हा तिने विचारलं, "कळतंय?"

"हं."

आणखी थोडं खाली.

"कळतंय?"

त्याने भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाला, "तू विचारतेस ते कळतंय."

तेवढ्यात मुलगी आली. बॅग अजून खांद्यावरच होती, गाडीतून उतरून थेट आली होती. दारातच तिने आईच्या हातातलं मशीन बघितलं, चादरीवरचे केस बघितले.

"अजून हेच चाललंय तुझं?" ती म्हणाली.

वॉर्डातल्या माणसाने मशीन परत घेतलं. "मी करतो बाकीचं," तो म्हणाला. डेमोताई बाजूला झाली. तिच्या मुठीत कातरलेले केस होते. ते कुठे टाकावेत हे न कळून ती तशीच खिडकीशी उभी राहिली. मुलगी बापाच्या उशाशी जाऊन रडत होती. बाप तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "अगं, आईला काही बोलू नकोस. मीच स्टूल मागितलं होतं."

ऑपरेशन झालं. जखम भरायला बराच वेळ लागला, पण भरली. मुलगी त्या दिवसांत आईशी कामापुरतं बोलली. औषध दिलं का, चादर बदलली का, एवढंच. एकदा पायऱ्यांवर दोघी समोरासमोर आल्या तेव्हा ती म्हणाली, "मी फोनवर सांगितलं होतं तुला." डेमोताई म्हणाली, "हो." जायच्या आदल्या दिवशी मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला. खालच्याच मजल्यावर घर आहे. इथे दिवसभर एकटे काय करणार?"

ड्रायव्हर म्हणाला, "येईन गं चार दिवस. पण कायमचं नको. ही कामावरून येते तेव्हा घरात कुणी तरी पाहिजे."

डेमोताई स्वयंपाकघरात होती. तिने नळ उगाच सोडला आणि बराच वेळ चालू ठेवला.

मॅनेजर भेटायला आला तो फळं घेऊन. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. दुकानात अंगावर लावून दाखवणं आता बंद केलंय, म्हणाला. कंपनीने काउंटरवर टीव्ही ठेवलाय, त्यावर एक परदेशी मुलगी पाय दाखवते. साहेबांचं म्हणणं होतं की ताईंनी झालेल्या प्रकाराबद्दल बाहेर बोलू नये. मॅनेजरने हे सांगताना खाली बघितलं. "पण माझ्याकडे साबणाच्या कप्प्यात जागा आहे," तो म्हणाला. "खाली. खोके उघडायचे आणि मांडायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम नाही. येणार असाल तर या."

"येईल ती," ड्रायव्हर म्हणाला.

मॅनेजर गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही कशाला बोललात? मला नाही जायचं त्या दुकानात."

"मग कुठे जाणार आहेस?"

"कुठेही. भांडी घासीन."

"या हातांनी?" त्याने तिचा हात ओढून घेतला. बाही वर सारली. चौकोन आता फिकट होत चालले होते. त्याने त्यांच्यावरून अंगठा फिरवला. "अगं, तू रोज माझ्यासमोर बसून त्या पायाकडे बघत राहणार. मी तुझ्याकडे बघत राहणार. दोघं वेडे होऊ. जा तू."

"आणि तुम्ही?"

"मी शिकतो ना चालायला. नवा लर्निंग लायसन्सवाला मी."

तो कुबड्यांवर चालायला शिकत होता, पण अजून भिंतीच्या आधाराने. दोनदा पडला होता. दोन्ही वेळा तिने उचलायला हात पुढे केला तेव्हा म्हणाला, "थांब, मला उठू दे." ती थांबली. त्याला उठताना बघत उभं राहणं उचलण्यापेक्षा जड होतं.

कामावर परत जायच्या दिवशी ती लवकर उठली. त्याचं पाणी, औषधाच्या गोळ्या, झाकलेला भात, सगळं त्याच्या हाताला लागेल असं ठेवलं. साधा ड्रेस घातला. खाली काम करणाऱ्यांना कोट नसतो. त्याने आज दाढी केली होती.

"डबा घेतलास?"

"घेतला."

"बसमध्ये पुढच्या दाराशी बस. मागे दणके बसतात."

"हो."

ती बाहेर पडली आणि गल्लीत आली. मागे कुबड्या टेकल्याचा आवाज आला. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. खिडकीपासून दारापर्यंत तो भिंतीचा आधार न घेता आला होता आणि उंबऱ्याशी येऊन उभा राहिला होता. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या, त्यावरून तिला ते कळलं. त्याचा श्वासही तिला ऐकू आला, धापेचा.

ती गल्लीच्या वळणापर्यंत सरळ चालत गेली. तिने मागे वळून बघितलं नाही. वळली असती तर त्याने हात हलवला असता, आणि हात हलवायला त्याला कुबडी सोडावी लागली असती.